कुठल्याच पानावर नसलेला नवरदेव

“मॅडम, साइटमधून माणूस गळू शकतो का?”

हा प्रश्न आला तेव्हा मी वधूवर मंडळाच्या ऑफिसात टेबलाखाली वाकून राउटरची वायर तपासत होते. गडबडीने वर उठले आणि डोकं टेबलाला आपटलं. प्रश्न विचारणाऱ्या बाई दारातच उभ्या होत्या. हातात पिशवी, कपाळावर घाम. किन्हवलीजवळच्या एका पाड्यावरून एसटीने आल्या होत्या. नाव सुमनताई.

“गळू शकतो म्हणजे?” मी डोकं चोळत विचारलं.

“माझा पोरगा, नितेश. त्याचा बायोडाटा दिला त्याला वरीस होत आलं. एक फोन नाय. माझी नणंद मुरबाडला असते. तिनं मोबाइलवर सगळी पानं बघितली. आमचा नितेश कुठंच नाय.”

मंडळाचे अध्यक्ष जनार्दनभाऊ शेजारीच बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक. आवाज अजून वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्यांनी शांतपणे कीबोर्ड पुढे ओढला, शोधायच्या चौकटीत नितेशचं नाव टाकलं आणि स्क्रीन सुमनताईंकडे फिरवली. निळ्या शर्टातला हसरा मुलगा. बी.कॉम. व्यवसाय शेती.

“हा कोण मग?”

“हा नितेशच.”

“मग दिसतोय की!”

सुमनताई अडून राहिल्या. “नाव टाकलं की दिसतो, भाऊ. पण ज्याला त्याचं नाव ठाऊक हाय, तो कशाला शोधील? परक्या माणसानं बघायला नको का?”

भाऊंनी चष्मा काढला. आवाज जरा खाली आणला. “सुमनबाय, खरं सांगू? शेती करणाऱ्या पोराला फोन कमीच येतात. साइटला दोष देऊन काय उपयोग? आजकाल मुलीकडच्यांना नोकरीवाला लागतो.”

“तेच तो पण बोलतो,” सुमनताई म्हणाल्या. “आई, मला सगळ्यांनी नाकारलंय, आता मी शेती सोडतो. पडघ्याच्या गोदामात लागतोय पुढच्या महिन्यापासून. जमीन दुसऱ्याला कसायला द्यायची बोलतो. आणि त्याला शेतीची आवड हाय, मॅडम. भेंडी लावलीय, काकडी लावलीय. उगाच नाय सांगत.”

मी त्यांना खुर्ची दिली आणि बघते म्हणाले.

माझी थोडी ओळख करून देते. मी पंचवीसेक वर्षं ऐरोलीतल्या कंपनीत डेटाबेसवर काम केलं. आता शहापुरात घरूनच लहानसहान कामं घेते. मंडळ शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांपुरतं. ऑफिस म्हणजे एका मंगल कार्यालयामागची खोली. त्यांची साइट बाहेरच्या एका लहान फर्मने केली होती. ती फर्म पुढे बंद पडली. मग “आपल्या शहापुरात एक कॉम्प्युटरवाल्या मॅडम आहेत” असं कोणीतरी भाऊंना सांगितलं आणि साइटची देखभाल माझ्याकडे आली. देखभाल म्हणजे बहुतेक वेळा पासवर्ड विसरलेल्यांना पासवर्ड देणं आणि राउटरची वायर नीट बसवणं.

आता साइट कशी चालते ते सांगते. डेटाबेस म्हणजे माहितीचं कोठार. त्याला प्रश्न विचारायचा, तो उत्तर देतो. या प्रश्नाला क्वेरी म्हणतात. ‘सगळी मुलं दाखव’ ही एक क्वेरी. सुरुवातीला साइट हीच क्वेरी टाकायची आणि शेकडो बायोडाटे फोटोंसकट एकाच पानावर ओतायची. शहापुरात ते पान धापा टाकत उघडायचं. सिद्धगडाच्या पायथ्याच्या गावांत उघडायचंच नाही. पहिल्या मुलाचा फोटो कपाळापर्यंत यायचा आणि तिथेच थांबायचा. नुसतं कपाळ बघून पसंती कोण देणार?

तक्रारी झाल्या, तेव्हा त्या फर्मने त्या एका लांबलचक यादीची पानं पाडली. आमच्या धंद्यात याला पेजिनेशन म्हणतात. एका पानावर वीस मुलं, खाली ‘पुढे’ असं बटण. मुलं जन्मवर्षाप्रमाणे लावलेली. पानं भराभर उघडू लागली, लोक खूश झाले, फर्मचा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. तो फोटो अजून ऑफिसात लावलेला आहे.

घरी आल्यावर मी मंडळाच्या डेटाबेसची कॉपी माझ्या लॅपटॉपवर घेतली. पहिल्या पानापासून सुरुवात केली. एकेक पान उघडत गेले. आणि नितेश सापडला! मधल्याच एका पानावर, निळ्या शर्टात, हसत.

मी भाऊंना फोन लावला. “भाऊ, माझ्याकडे तर दिसतोय.”

“मी काय बोललो होतो? त्या नणंदेनं एखादं पान सोडलं असेल.”

“शक्य आहे.”

सॉफ्टवेअरवाल्यांचं हे जगप्रसिद्ध वाक्य आहे. ‘माझ्याकडे तर चालतंय.’ ते म्हटलं की प्रश्न समोरच्याचा होतो. मी फोन ठेवला, पण मनातून काही तो विषय गेला नाही. मुरबाडची नणंद माझ्या लॅपटॉपवर साइट बघत नव्हती. ती खऱ्या सर्व्हरवर बघत होती, म्हणजे साइट जिथून सगळ्यांना दिसते त्या मशीनवर. भाच्याचं लग्न जमावं म्हणून बसलेली बाई पान सोडते? आमच्याकडच्या बायका लग्नाच्या पत्रिकेतली शेवटच्या ओळीतली चिल्लीपिल्लीसुद्धा वाचून काढतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाऊंचा फोन. आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत.

“मॅडम, जरा या. इथं बाळारामशेठ आलेत मुरबाडवरून. लय तापलेत.”

बाळारामशेठचं मुरबाडला हार्डवेअरचं दुकान आहे. मी पोचले तेव्हा ते पंख्याखाली उभे होते, तरी लाल झाले होते. मुलगा हर्षल मुरबाडच्या एमआयडीसीत सुपरवायझर. त्याचा बायोडाटा साइटवर होता. तिथपर्यंत काही बिघडलं नव्हतं.

“तुमी साइटवाल्या?”

“हो.”

“माझ्या पोराला दोनदा का टाकलाय?”

“दोनदा?”

“एका पानावर हाय, पुढच्या पानावर परत हाय! तोच फोटो, तोच शर्ट. अख्खा बाजार हसतो मला. परवा एक गिऱ्हाईक खिळे घ्यायला आलं. बोलतं, शेठ, पोराला एवढी घाई झालीय का? एका पानावर बघून सोडला तर पुढच्या पानावर परत उभा! माझ्या पोराला काय कमी हाय का? पगार हाय, घर हाय. दोन-दोनदा उभा राहायची गरज काय त्याला?”

मला हसू येत होतं. भाऊंच्या मिशाही हलत होत्या. पण शेठचा चेहरा बघून आम्ही दोघंही गप्प राहिलो.

“चुकून डबल एन्ट्री झाली असेल,” भाऊ म्हणाले. “मी लगेच एक उडवून टाकतो.” आणि त्यांनी माउसकडे हात नेला.

“थांबा!” मी एवढ्या जोरात ओरडले की शेठसुद्धा दचकले.

मी हर्षलचा बायोडाटा आधी एका पानावर उघडला. नोंदणी क्रमांक बघितला. मग पुढच्या पानावरचा उघडला. क्रमांक तोच. म्हणजे कोठारात हर्षल एकच होता. भाऊंनी तो उडवला असता तर दोन्ही पानांवरून गेला असता, आणि मग शेठनी आमचं काय केलं असतं कोण जाणे.

एकच मुलगा, दोन पानांवर. मी खुर्चीत बसले आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला.

“भाऊ, मुलं एकूण किती ते साइट बरोबर दाखवते ना?”

“हो. रजिस्टरशी जुळतं. दर महिन्याला बघतो मी.”

“पानंही तेवढीच आहेत जेवढी हवीत. एका पानावर वीस. जागा ठरलेल्या, माणसं ठरलेली. मग हर्षलने दोन जागा घेतल्या तर...”

भाऊंनी आयुष्यात शेकडो लग्नांच्या पंगती उठवल्या आहेत. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. “तर कोणीतरी उपाशी राहिला,” ते म्हणाले. “एक पाहुणा दोन पंगतींना बसला की एक जण हात धुऊन तसाच उभा राहतो.”

“त्यातलाच एक नितेश असणार.”

शेठना काही कळलं नाही. “नितेश कोण? त्याच्या जागेवर माझा पोरगा कशाला बसेल? आमची का जागा नाय?”

मग आम्ही कामाला बसलो. अंदाजावर विश्वास ठेवून चालत नाही, पुरावा लागतो. खऱ्या सर्व्हरवरची साइट उघडली. मी एकेक पान पुढे नेत गेले, भाऊ नावं मोठ्याने वाचत गेले आणि शेठ, ज्यांना आम्ही बसायला सांगितलं नव्हतं, ते बोटांवर मोजत लक्ष ठेवत होते. पहिली काही पानं सरळ गेली. मग अठ्ठावीस वर्षांची मुलं सुरू झाली. हर्षल आणि नितेश दोघंही याच वयाचे. या वयाची मुलं मंडळाकडे सगळ्यात जास्त. तीनचार पानं भरतील एवढी.

“हर्षल,” भाऊंनी वाचलं.

“एक,” शेठ म्हणाले.

पुढचं पान.

“हर्षल.”

“दोन! बघा! मी बोललो नव्हतो?”

असे आणखी तीनचार जण दोनदा आले. शेठना एकदम बरं वाटलं. आपला मुलगा एकटाच नाही म्हटल्यावर त्यांनी चहाची ऑर्डर दिली. अठ्ठावीसची मुलं संपली, सत्तावीसची सुरू झाली. नितेश आला नाही. शेवटच्या पानापर्यंत गेलो. निळा शर्ट कुठेच नाही.

भाऊ खुर्चीत मागे टेकले. “त्या बाईला मी काय काय बोललो,” एवढंच म्हणाले.

आता हे का होत होतं? बाहेरच्या माणसाला एक गोष्ट ठाऊक नसते. तुम्ही ‘पुढे’ दाबता तेव्हा तुम्हाला वाटतं पुस्तकाचं पान उलटलं. तसं नसतं. साइट डेटाबेसकडे नव्याने जाते आणि म्हणते, ‘सगळ्या मुलांना वयाप्रमाणे उभं कर, पहिली वीस सोड, पुढची वीस दे.’ आधीच्या पानावर कोण होतं ते डेटाबेसच्या लक्षात नसतं. तो दर पानाला सगळ्यांची रांग पुन्हा लावतो.

वेगवेगळ्या वयाच्या मुलांची रांग प्रत्येक वेळी सारखीच लागते. पण सारख्या वयाच्यांचं काय? त्यांच्यात आधी कोण, मागे कोण, हे क्वेरीत लिहिलंच नव्हतं. मग डेटाबेस त्याला सोपं पडेल तसं उभं करतो. पहिल्या पानांसाठी रांग लावताना एक पद्धत, दूरच्या पानांसाठी दुसरी. एका रांगेत हर्षल पुढे, दुसऱ्या रांगेत थोडा मागे. म्हणून तो दोन्ही पानांत सापडला. नितेशचं उलटं झालं. एक पान मागताना तो मागे होता, म्हणून आला नाही. पुढचं पान मागताना तो पुढे सरकला होता, सोडून दिलेल्यांत गेला, म्हणून तिथेही आला नाही.

माझ्या लॅपटॉपवर तो दिसला, कारण तिथल्या डेटाबेसची आवृत्ती वेगळी. त्याने सारख्या वयाच्यांना नोंदणीच्या क्रमाने उभं केलं. तो योगायोग. सर्व्हरवरचाही डेटाबेस चुकत नव्हता. त्याला जे सांगितलं होतं तेवढं तो इमानदारीत करत होता.

एक खुलासा करायला हवा. नवीन नोंदणी झाली की ही रांग थोडी हलते. त्यामुळे नितेश वर्षभरात एकदाही कोणाला दिसला नसेल, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण मी बघितलं तेव्हा तो नव्हता, आणि त्याची आत्या बघत होती तेव्हाही नव्हता.

दुरुस्ती लहान होती. क्वेरीत लिहिलं होतं, ‘जन्मवर्षाप्रमाणे लाव’. मी पुढे जोडलं, ‘आणि जन्मवर्ष सारखं असेल तर नोंदणी क्रमांकाप्रमाणे’. नोंदणी क्रमांक दोघांचा कधीच सारखा नसतो. म्हणजे आता प्रत्येकाची जागा पक्की. रांग कितीही वेळा लावा, तीच लागणार. आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसलो. या वेळी हर्षल एकदाच आला. शेठनी मान डोलावली. पुढच्या पानावर भाऊंनी “नितेश” असं वाचलं तेव्हा शेठनीच टाळी वाजवली. नितेशला त्यांनी कधी बघितलं नव्हतं.

जाताना मात्र दारात थबकले. “मॅडम, आता एकदाच दिसणार ना हर्षल?”

“एकदाच.”

“हं,” ते म्हणाले. थोडा विचार केला. “तसं दोनदा दिसण्यात तोटा काय नव्हता म्हणा.”

त्याच आठवड्यात मंडळाची बैठक झाली. मी काय झालं ते सांगितलं. एका सभासदाने सुचवलं, “आता क्रम बदलताच आहात, तर नोकरीवाले पहिल्या पानांवर घ्या. शेतीवाले मागे ठेवा. नाहीतरी लोकांना तेच हवंय. पानं उलटायचा त्रास वाचेल.”

तांत्रिकदृष्ट्या ते पाच मिनिटांचं काम होतं. मी भाऊंकडे बघितलं. दोनतीन जणांनी माना हलवल्या होत्या. मंडळ त्यांचं, साइट त्यांची. मी पगारी माणूस.

भाऊ उभे राहिले. “परवापर्यंत मी पण हेच बोललो असतो,” ते म्हणाले. “किन्हवलीची एक बाई माझ्यासमोर बसली होती. तिला मी सांगितलं, तुझ्या पोराला लोक नाकारतात. लोकांनी त्याला बघितलाच नव्हता. लोकांना काय हवंय ते लोकांना ठरवू दे. आपण मंडळ हाय. आपलं काम दाखवायचं.” मग जरा थांबून म्हणाले, “ज्याला नोकरीवालाच हवा, त्याच्यासाठी वेगळं बटण करा, मॅडम. दाबेल तो दाबेल.”

ते बटण मी केलं. बैठक चहावर संपली.

नितेशला फोनवर सांगून भागलं असतं. पण भाऊ म्हणाले, आपण जाऊ. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली आणि भाऊंना घेऊन किन्हवलीकडे निघाले. पाड्यावर पोचलो तेव्हा नितेश भेंडीच्या वाफ्यात होता. हातमोजे घालून भेंडी तोडत होता. भेंडीची लव हाताला लागली की दिवसभर खाज सुटते, म्हणून मोजे. बांधावर क्रेट भरलेले. फोटोतल्यापेक्षा जरा काळा आणि बराच उंच.

सुमनताईंना भाऊंनी आधी सांगितलं. त्या कमरेवर हात ठेवून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर म्हणाल्या, “म्हंजे माझं बरोबर होतं.”

“बरोबर होतं, सुमनबाय.”

“तुमचं चुकलं होतं.”

“चुकलं.”

“परत बोला, ह्याला ऐकू दे.”

भाऊंनी परत सांगितलं. निवृत्त मुख्याध्यापकाला भेंडीच्या बांधावर दोनदा ‘माझं चुकलं’ म्हणताना मी पहिल्यांदा बघत होते. सुमनताई प्रसन्न होऊन चहा टाकायला गेल्या.

नितेशने मोजे काढले. मला म्हणाला, “मॅडम, मला नीट सांगा. म्हणजे मला कोणी नाय म्हटलंच नव्हतं?”

“बहुतेकांनी तुला बघितलंच नव्हतं.”

तो हसला. “म्हणजे मी नापास नव्हतो. गैरहजर होतो.”

“तसंच.”

“आणि आता हजर झालो, तर नापास होऊ शकतो.”

“ते मात्र माझ्या हातात नाही,” मी म्हणाले.

पुन्हा हसला, पण त्याचं लक्ष वाफ्याकडे होतं. वर्षभर तो एक गोष्ट खरी धरून बसला होता. लोकांना शेतकरी नको, म्हणून मी नको. ती गोष्ट खोटी ठरली असंही नव्हतं. ती कोणी तपासलीच नव्हती. “गोदामवाल्याला पहिल्या तारखेपासून येतो म्हणालोय,” तो म्हणाला. “सांगतो त्याला, एवढी भेंडी संपू दे. बघू तोवर काय होतंय ते.”

आम्ही तांदळाची भाकरी आणि त्याचीच भेंडी खाऊन निघालो.

फोन सुरू झाले. पहिला फोन एका मामाचा. “मुलगा बरा वाटतो. नोकरी कुठं?” भाऊंनी सांगितलं शेती. “अच्छा, कळवतो,” म्हणाला आणि कळवलं नाही. दुसरा फोनही तसाच. तिसऱ्याने जमीन किती ते विचारलं, मग मुंबईला फ्लॅट आहे का ते विचारलं. भाऊ दर वेळी मला फोन करून वृत्तांत द्यायचे. “नापास झाला, मॅडम. पण हजर होता.”

मग एक दिवस मी ऑफिसात असतानाच एक फोन आला. भाऊंनी स्पीकरवर टाकला. मुलगी स्वतःच बोलत होती. नाव प्रियंका. सिद्धगडाच्या बाजूच्या एका आरोग्य उपकेंद्रात नर्स.

“सर, मी तुमची साइट आधी पूर्ण बघितलीय. सगळी पानं. आता एक मुलगा दिसतोय, किन्हवलीकडचा. हा नवीन आहे का?”

“नवीन नाय गो. जुनाच हाय.”

“मग आधी कसा नव्हता?”

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं, पण त्यांनी हाताने थांबवलं. “आमच्या कॉम्प्युटरला तो दाखवता येत नव्हता,” ते म्हणाले. “आता येतो. त्याला भेटायचं का?”

“शेती स्वतः करतो की नुसती नावावर आहे?”

“स्वतः करतो. मी त्याची भेंडी खाल्लीय.”

“मग भेटते,” ती म्हणाली.

भेट शहापुरातच झाली, मंडळाच्या ऑफिसात. तिच्याबरोबर तिचे आईवडील, याच्याबरोबर सुमनताई. मी तिथे नव्हते. जे कळलं ते भाऊंकडून. प्रियंकाने सुरुवातीलाच सांगितलं, “मी नोकरी सोडणार नाही. बदली झाली तर जावं लागेल.”

नितेश म्हणाला, “मी शेती सोडणार नाय. शेताची बदली होत नाय. तुमची झाली तर मी ये-जा करीन.”

तिच्या वडिलांनी विचारलं, “हे कसं काय चालेल?” आणि ती दोघंही एकदम म्हणाली, “चालेल.” भाऊंच्या मते तिथेच काम झालं. सुमनताईंच्या मते मुलीने दुसरा चहा मागून घेतला तिथे झालं.

लग्न मार्गशीर्षात लागलं. त्याच मंगल कार्यालयात. पडघ्याच्या गोदामात नितेश गेला नाही. दोनदा दिसणाऱ्या आणि न दिसणाऱ्या त्या बाकीच्या मुलांपैकी काहींची लग्नं जमली, काहींची अजून जमायची आहेत. हर्षलचं मात्र नितेशच्याही आधी जमलं. मुलीकडच्यांनी तो कुठल्या पानावर बघितला, पहिल्या की दुसऱ्या, हे मी विचारलं नाही. बाळारामशेठ दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात की पोरगा दोन पानांवर होता म्हणून लवकर जमलं. गेल्या महिन्यात धाकट्याचा बायोडाटा घेऊन आले. मला बाजूला घेऊन म्हणाले, “मॅडम, ह्याला पण तसंच दोनदा टाकता येईल का? काय असेल ते देतो.”

मी नाही म्हणाले. फार नाराज झाले.

या सगळ्यातून मी एक सवय लावून घेतली आहे. कोणाचीही मोठी यादी पानांत तोडायचं काम आलं, मग ती मुलांची असो, दुकानातल्या मालाची असो की ग्रंथालयातल्या पुस्तकांची, की पानं पाडून झाल्यावर मी ती सगळी परत एकत्र जोडते आणि मोजते. कोणी दोनदा नको, कोणी कमी नको. माझ्या लॅपटॉपवर नाही, जिथे लोक बघणार आहेत तिथे. नाव टाकून शोधून बघणं ही तपासणीच नाही, कारण ज्याचं नाव आपल्याला आठवतं तो हरवलेला नसतोच. आणि ज्याला अजून कोणी पाहिलेलं नाही, त्याच्या नावापुढे नापसंतीचा शेरा मारायचा नाही. एवढं झालं की आपलं काम संपलं. पुढे कोणाला कोण आवडेल, ते डेटाबेसच्या कामात येत नाही.